परतीच्या वाटेवरचे यान : वाचकांचे प्रश्न

सुनीता विल्यम्स मार्च २०२५मध्ये आणि शुभांशु शुक्ला त्याच वर्षीच्या जुलैमध्ये अंतराळातून परतले. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत डोकावत राहिली आहे. वर जाणाऱ्या यानापेक्षा खाली येणाऱ्या यानाची धास्ती आपल्या वाचकांना अधिक वाटते, असे दिसते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : १९ मार्चच्या पहाटे सुनीता विल्यम्स परत येत होत्या तेव्हा आमचे सगळे घर टीव्हीसमोर जागे होते. संपर्क तुटण्याच्या त्या सात मिनिटांबद्दल निवेदक सारखे बोलत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे कल्पना चावला येत होती. ती मिनिटे खरोखरच इतकी जीवघेणी असतात, की वाहिन्यांनी आमचा जीव उगाच टांगणीला लावला?
— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : आपली भीती निराधार नव्हती, पण ती ज्या क्षणावर रोखली गेली होती, तो क्षण चुकीचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंतराळस्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरत असते आणि त्यापासून सुटलेल्या यानाचा वेगही तेवढाच असतो. परतीसाठी यान आपली इंजिने उलट्या दिशेने चालवते, पण त्यामुळे हा वेग जेमतेम दीड-दोन टक्क्यांनी कमी होतो. यानाचा मार्ग वातावरणात घुसेल एवढा वाकवण्यापुरतेच ते काम असते. उरलेला सगळा वेग हवेने मारायचा असतो. त्या वेगाने जाणाऱ्या प्रत्येक किलो वजनात सुमारे तीन कोटी ज्यूल ऊर्जा असते. माठातले अकरा लिटर पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ करायला लागेल इतकी ही ऊर्जा आहे, आणि यान तर काही टनांचे असते. ती सगळी ऊर्जा यानाच्या अंगात शिरली, तर यान उरणारच नाही.

ती शिरत नाही, याचे कारण यानाच्या बोथट बुडात आहे. वेगाने जाणारी वस्तू टोकदार असावी असे आपल्याला सहज वाटते. पण १९५०च्या दशकाच्या आरंभी एच. ज्युलियन अ‍ॅलन आणि अल्फ्रेड एगर्स या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले, की परतणाऱ्या वस्तूचे तोंड जितके बोथट, तितकी तिच्यापुढे दाबल्या जाणाऱ्या हवेची तापलेली लाट तिच्या अंगापासून दूर राहते आणि बहुतेक उष्णता हवेतच निघून जाते. (यान हवेशी घासून तापते असे सर्रास लिहिले जाते, प्रत्यक्षात बहुतांश ताप समोरची हवा विलक्षण दाबली गेल्यामुळे निर्माण होतो.) जी थोडी उष्णता यानापर्यंत पोहोचते, ती बुडावरचे उष्णतारोधक कवच स्वतः जळत, झिजत सोबत घेऊन जाते. सुनीता विल्यम्स ज्यातून परतल्या त्या ड्रॅगन यानाच्या कवचाबाहेर तापमान सुमारे १,९०० अंश सेल्सिअस असते, तेव्हा आत बसलेल्यांना खिडकीबाहेर नारिंगी-गुलाबी झोत दिसत असतात आणि आतली हवा मात्र साध्या खोलीतल्यासारखी असते.

संपर्क तुटतो तो याच तापलेल्या हवेमुळे. तिचे अणू फुटून विद्युतभारित वायूचे आवरण यानाभोवती तयार होते आणि रेडिओलहरी त्यातून पार होत नाहीत. हे अचानक ओढवलेले संकट नसते. संपर्क कधी जाईल आणि साधारण कधी येईल, याचे गणित आधी मांडलेले असते. अपोलो-१३ या अमेरिकी चांद्रमोहिमेच्या परतीच्या वेळी, एप्रिल १९७०मध्ये, संपर्क अपेक्षेपेक्षा सुमारे दीड मिनिट उशिरा आला, कारण यान ठरल्यापेक्षा किंचित उथळ कोनातून वातावरणात शिरले होते. तिघेही सुखरूप होते. वाहिन्यांनी घड्याळ लावून दाखवलेली ती मिनिटे या अर्थाने परतीच्या प्रवासातला सर्वांत अभ्यासलेला भाग म्हणता येईल.

मग माणसे गेली ती कुठे? पृथ्वीच्या कक्षेतून परत येताना आजवर अकरा अंतराळवीरांचे प्राण गेले, तीन मोहिमांत. एप्रिल १९६७मध्ये सोयुझ-१ या सोव्हिएत यानातील व्लादिमीर कोमारोव्ह यांनी वातावरणातला दाहक टप्पा सुखरूप पार केला होता. नंतर मुख्य पॅराशूट बाहेरच पडले नाही आणि राखीव पॅराशूट गुंतले. जून १९७१मध्ये सोयुझ-११मधील तिघांचा मृत्यू तर आगीपासून खूप दूर, सुमारे १६८ किलोमीटर उंचीवर झाला. यानाचे भाग एकमेकांपासून सुटताना बसलेल्या धक्क्याने हवेची एक झडप अवेळी उघडली. ती उघडायची होती जमिनीपासून काही किलोमीटरवर, बाहेरची आणि आतली हवा सारखी करण्यासाठी. केबिनमधली सगळी हवा निघून गेली आणि जागा वाचवण्यासाठी तिघांनाही अंतराळपोशाख दिलेले नव्हते. त्यानंतर यानाने आपले काम चोख केले, पॅराशूट उघडले, यान अलगद उतरले. झाकण उघडणाऱ्या बचाव पथकाला आत तीन मृतदेह मिळाले. तेव्हापासून सोयुझमध्ये परतीच्या वेळी दाबयुक्त पोशाख घातल्याशिवाय कोणी बसत नाही.

तिसरी मोहीम कल्पना चावला यांची. त्यांची कोलंबिया, म्हणजे विमानासारखे पंख असलेली अमेरिकी अवकाशनौका, १ फेब्रुवारी २००३ रोजी टेक्सासवर फुटली, उतरायला सोळा मिनिटे उरली असताना. पण तिला झालेली जखम सोळा दिवसांची होती. १६ जानेवारीला उड्डाणानंतर ८२व्या सेकंदाला बाहेरच्या टाकीवरचा पाऊण किलोच्या आसपास वजनाचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. फोमसारखी हलकी वस्तू कार्बनच्या कणखर पट्टीचे काय बिघडवणार, असा सर्वसाधारण समज होता. जुलै २००३मध्ये चौकशी मंडळाने तसलाच तुकडा तशाच वेगाने खऱ्या पट्टीवर मारून पाहिला, तेव्हा तिला सुमारे ४० सेंटिमीटरचे भगदाड पडले. कोलंबिया कक्षेत असतानाच काही अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रे मिळवावीत अशी विनंती केली होती. व्यवस्थापनाने ती पुढे जाऊ दिली नाही. चौकशी मंडळाने अपघाताचे खापर फोमइतकेच नासाच्या कार्यपद्धतीवर फोडले.

ड्रॅगन, सोयुझ किंवा आपले गगनयान यांची रचना या बाबतीत वेगळी आहे. ही याने टाकीच्या बाजूला नव्हे, तर अग्निबाणाच्या शेंड्यावर बसतात, त्यामुळे वरून काही सुटून त्यांच्यावर पडण्याचा प्रश्नच येत नाही. आणि त्यांचे कवच परतीच्या थोडे आधीपर्यंत मागच्या भागाखाली झाकलेले असते. म्हणून कोलंबियाची आठवण येणे साहजिक असले, तरी १९ मार्चच्या पहाटे तीच घटना पुन्हा घडण्याची शक्यता मोजत बसण्याचे कारण नव्हते. जीव मुठीत धरायचाच असेल, तर तो यानाचे भाग सुटताना आणि पॅराशूट उघडताना धरावा. त्या पहाटे सुमारे साडेपाच किलोमीटर उंचीवर आधी दोन छोटी पॅराशूट उघडली, मग पावणेदोन-दोन किलोमीटरवर चार मोठी, आणि ३ वाजून २७ मिनिटांनी यान फ्लोरिडाजवळच्या समुद्रात टेकले.

प्रश्न : बोइंगचे स्टारलायनर यान रिकामेच परत आणले आणि ते व्यवस्थित उतरले. म्हणजे सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर त्यातून आरामात येऊ शकले असते. आठ-दहा दिवसांची मोहीम नऊ महिन्यांवर नेऊन नासाने काय मिळवले? हा अतिसावधपणा नव्हे का?
— एक अभियंता, ठाणे

उत्तर : आपण अभियंता आहात, म्हणून उत्तर थोडे परखड देतो. यान नीट उतरले यावरून ते उतरण्याआधी घेतलेला निर्णय चुकीचा ठरत नाही. हेल्मेट न घालता कोणी घरी सुखरूप पोहोचला, तर आपण हेल्मेट निरुपयोगी ठरवत नाही.

५ जून २०२४ रोजी निघालेले स्टारलायनर दुसऱ्या दिवशी स्थानकाजवळ पोहोचत असताना त्याच्या मागच्या भागातील दिशा सांभाळणाऱ्या २८ थ्रस्टरपैकी (म्हणजे छोट्या इंजिनांपैकी) पाच बंद पडले. त्यांतील चार पुन्हा चालू झाले. इंधन ढकलणाऱ्या हेलियमचीही अनेक ठिकाणी गळती होती. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे तसलाच थ्रस्टर जमिनीवर तापवून पाहिल्यावर, आतील टेफ्लॉनची छोटी गुंडी उष्णतेने फुगून इंधनाची वाट अडवत असावी, असे दिसले. परतीच्या वेळी इंजिने चालू असताना यानाचे तोंड अचूक दिशेला धरून ठेवण्याचे काम याच थ्रस्टरांचे होते. ऐन वेळी किती गुंड्या फुगतील आणि किती थ्रस्टर चालतील, याचा भरवशाचा अंदाज नासाला बांधता येईना. बोइंगचा आपल्या यानावर विश्वास होता. नासाच्या सर्व संबंधित विभागांनी २४ ऑगस्टला एकमताने नकार दिला.

या निर्णयाची घोषणा करणारे नासाचे तत्कालीन प्रमुख बिल नेल्सन हे जानेवारी १९८६मध्ये स्वतः कोलंबियातून अंतराळात जाऊन आले होते, आणि ते उतरल्यावर दहाच दिवसांनी चॅलेंजर हे तसलेच दुसरे यान फुटले. घोषणा करताना त्यांनी त्या जुन्या चुकांचा उल्लेख केला, तो उगाच नव्हे. चॅलेंजर आणि कोलंबिया या दोन्ही वेळी खालच्या फळीतील अभियंत्यांना शंका होती आणि ती वरपर्यंत पोहोचून तिचा निर्णय झाला नाही. या वेळी ती पोहोचली. यानाची रचना किती उत्तम आहे यापेक्षा, नको म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि तो वापरला जातो का, हे मी अधिक महत्त्वाचे मानतो.

रिकाम्या परतीतही यानाच्या कुपीवरील, म्हणजे माणसे बसतात त्या भागावरील, बारा छोट्या थ्रस्टरपैकी एक चालला नाही. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली गेली नाही : बिघडलेले थ्रस्टर ज्या मागच्या भागात होते, तो भाग वातावरणात शिरण्यापूर्वीच सोडून दिला जातो आणि जळून जातो. म्हणजे ती गुंडी हातात घेऊन तपासण्याची सोयच नव्हती. जे काही शिकायचे ते यान स्थानकाला जोडलेले असतानाच शिकायचे होते.

बातम्यांतला 'अडकून पडल्या' हा शब्दप्रयोगही पूर्ण खरा नाही. स्टारलायनर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघून गेल्यावर थोडे दिवस त्या दोघांसाठी आणीबाणीची सोय म्हणून दुसऱ्या ड्रॅगनमध्ये तात्पुरती आसने केली होती, ती काही ऐसपैस म्हणता येणार नाही. पण सप्टेंबरच्या अखेरीस दोन जागा रिकाम्या ठेवून आलेले ड्रॅगन स्थानकाला जोडले गेले आणि त्यानंतर पुढले सहा महिने त्यांची परतीची गाडी दारात उभी होती. त्यांना ठेवून घेतले ते नेहमीच्या तुकडीचे काम करण्यासाठी.

प्रश्न : उतरण्याची वेळ कोण ठरवतो? आणि समुद्रात बुडण्याची भीती असताना जमिनीवर का उतरवत नाहीत?
— अकरावीचा विद्यार्थी, नगर

उत्तर : वेळ मुख्यतः हवामान ठरवते. वारा, लाटांची उंची, पाऊस यांच्या मर्यादा ठरलेल्या असतात, आणि मार्चमधली ती परतीही हवामानाचा अंदाज पाहूनच एक दिवस अलीकडे आणली होती. जमिनीवरही उतरवतात : रशियाची सोयुझ कझाकस्तानच्या माळरानावर उतरते आणि टेकण्याच्या क्षणभर आधी खालच्या दिशेने छोटे अग्निबाण उडवून धक्का कमी करते. राकेश शर्मा ११ एप्रिल १९८४ रोजी असेच उतरले. समुद्र मऊ आणि विस्तीर्ण असतो, पण पाण्याचेही धोके आहेतच. जुलै १९६१मध्ये अमेरिकी अंतराळवीर गस ग्रिसम यांच्या कुपीचा दरवाजा अवेळी उघडून ती बुडाली. ग्रिसम पोहत बाहेर आले.

प्रश्न : शुभांशु शुक्ला अमेरिकी यानातून आले, तेव्हा काळजी कमी वाटली. उद्या आपलेच यान असेल. आपल्याला माणसे सुखरूप परत आणण्याचा अनुभव कुठे आहे? ही शंका देशद्रोह समजू नये.
— एक ज्येष्ठ नागरिक, पुणे

उत्तर : अशी शंका विचारणारे नागरिक असणे हा सुरक्षेचाच भाग आहे, संकोच नको.

अनुभव आहे, पण तो तुकड्यातुकड्यांचा आहे आणि ते मान्य करावे. जानेवारी २००७मध्ये इस्रोने ५५० किलोची एक कुपी बारा दिवस कक्षेत ठेवून श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला सुमारे १४० किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात उतरवली आणि ती परत मिळवली. कक्षेतून परत आणण्याचा हा आपला पहिला प्रयोग. परंतु कुपी लहान होती. १८ डिसेंबर २०१४ रोजी माणसे बसतील एवढ्या आकाराची, पावणेचार टनांची कुपी १२६ किलोमीटर उंचीवरून वातावरणात शिरवून अंदमान-निकोबारच्या बाजूला उतरवली. ही आकाराने मोठी होती, पण ती कक्षेत गेलेलीच नव्हती. त्यामुळे तिचा वेग आणि तिला लागलेला ताप खऱ्या परतीपेक्षा कमी होता. मोठी कुपी आणि पूर्ण वेग, ही दोन्ही एकत्र येतील तीच खरी परीक्षा. म्हणूनच माणसे बसवण्यापूर्वी मानवरहित उड्डाणे कार्यक्रमात ठेवलेली आहेत. ती घाईने उरकावीत असा आग्रह कोणी धरला, तर वाचकांनी त्याला अवश्य हरकत घ्यावी.

पॅराशूटच्या बाबतीत मात्र मला बरेच आश्वस्त वाटते. गगनयानाच्या कुपीत एकूण दहा पॅराशूट आहेत : वरचे झाकण काढणारी दोन, वेग आवरणारी दोन, मोठ्या पॅराशूटांना ओढून बाहेर काढणारी तीन आणि २५ मीटर व्यासाची मुख्य तीन. मुख्य तिनांपैकी दोन उघडली तरी उतरणे सुरक्षित राहावे, अशी त्यांची आखणी आहे. हे केवळ कागदावरचे गणित नाही. ऑगस्ट १९७१मध्ये अपोलो-१५चे तीनपैकी एक पॅराशूट कोलमडले होते आणि तिघे दोनांवर सुखरूप उतरले. आपली ही प्रणाली आग्र्याच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेच्या सहकार्याने तयार झाली असून २४ ऑगस्ट २०२५ रोजी सुमारे पाच टनांची नमुना-कुपी चिनूक हेलिकॉप्टरमधून तीन किलोमीटर उंचीवरून सोडून ती तपासली गेली.

चाचण्यांतून काय बाहेर येते, याचे एक उदाहरण देतो. २१ ऑक्टोबर २०२३च्या चाचणीत संकटसमयी कुपी अग्निबाणापासून दूर नेण्याची यंत्रणा उत्तम चालली आणि देशभर टाळ्या पडल्या. पण नौदलाचे पथक पोहोचले तेव्हा समुद्रात पडलेली कुपी पालथी तरंगत होती. आत माणसे असती, तर ती पट्ट्यांना उलटी लटकली असती. पुढच्या कुप्यांत पालथे झाल्यास सुलटे करणाऱ्या फुग्यांची योजना आहे. टाळ्यांच्या बातम्यांत हा तपशील शोधावा लागला; तो ठळक छापला असता तर लोकांचा विश्वास कमी न होता वाढला असता.

प्रश्न : २०२२च्या गुढीपाडव्याच्या संध्याकाळी आमच्या भागात आकाशातून पेटत्या वस्तू गेल्या आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला मोठे कडे पडले. अंतराळवीरांची काळजी सगळे करतात. ज्यांच्या डोक्यावर हे पडते त्यांची कोण करतो? आमचे वडील अजून स्कायलॅबच्या गोष्टी सांगतात.
— एक शेतकरी, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : प्रश्न अगदी रास्त आहे. ११ जुलै १९७९ रोजी स्कायलॅब हे ७७ टनांचे अमेरिकी अंतराळस्थानक कोसळले, तेव्हा ते नेमके कोठे पडेल हे नासालाही आधी सांगता येत नव्हते आणि भारतात पोलीस यंत्रणा सज्ज ठेवावी लागली होती. शेवटी त्याचे अवशेष हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. कोणी जखमी झाले नाही. तेथील एस्परन्स गावच्या स्थानिक संस्थेने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोठावला, ही हकिकत विनोदी वाटली तरी खरी आहे.

माणसे घेऊन परतणाऱ्या यानाची जागा ठरलेली असते, त्याच्यामुळे आपल्या शिवाराला धोका नसतो. आपल्याकडे पडले ते वेगळे होते. २ एप्रिल २०२२ रोजी दोन-तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे आणि काही गोळे पडले. ते फेब्रुवारी २०२१मध्ये सुटलेल्या चिनी अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असे अभ्यासकांनी मार्ग जुळवून सांगितले. काम संपलेले असे टप्पे वाटेल तिथे कोसळू देण्याची सवय हाच खरा प्रश्न आहे, आणि ती एकट्या चीनची नाही. ड्रॅगनचा मागचा पोकळ भागही पूर्वी असाच मोकळा सोडला जात असे. तो पूर्ण जळून जाईल हा अंदाज खोटा ठरून त्याचे मोठे तुकडे २०२२मध्ये ऑस्ट्रेलियात आणि २०२४मध्ये अमेरिकेत सापडले. मग पद्धत बदलली. आता यानाची परतीची इंजिने चालून झाल्यावरच हा भाग सोडतात, म्हणजे तो पॅसिफिक महासागरातच पडतो. सुनीता विल्यम्स फ्लोरिडाजवळ उतरल्या आणि शुभांशु शुक्ला चार महिन्यांनी कॅलिफोर्नियाजवळ, त्यामागे हे कारण आहे.

असे काही शेतात पडले तर हात लावू नये, मुलांना व जनावरांना जवळ जाऊ देऊ नये. टाक्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलीस पाटील किंवा तहसील कार्यालयाला लगेच कळवावे. नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद आहे. १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर झालेल्या हानीची जबाबदारी यान सोडणाऱ्या देशावर असते आणि त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. जानेवारी १९७८मध्ये अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॅनडात पडला, तेव्हा कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले आणि १९८१मध्ये ३० लाख पदरात पाडून घेतले. मात्र हा दावा शेतकऱ्याला स्वतः करता येत नाही. तो केंद्र सरकारला त्या देशाकडे, नुकसान झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. म्हणून वस्तू उचलून नेण्यापूर्वी जागेचा पंचनामा होईल हे पाहावे, पिकाचे किंवा घराचे नुकसान त्यात स्वच्छ लिहून घ्यावे आणि त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी.